एसएसडीची इमेज दर वेळी वेगळी येते, पुसलेल्या जागी फक्त शून्ये मिळतात: काय तपासावे आणि कुठे थांबावे

पुरावा म्हणून जप्त केलेल्या एसएसडी (फ्लॅश चिपवर मजकूर साठवणारे ड्राइव्ह) तपासताना एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत माझ्या टेबलावर येत राहते: ड्राइव्हची इमेज, म्हणजे तंतोतंत प्रत, दर वेळी वेगळी येते किंवा पुसलेल्या जागी शून्येच मिळतात. कोणी म्हणतो राइट ब्लॉकर (ड्राइव्हवर काही लिहिले जाऊ न देणारे उपकरण) बिघडला आहे, कोणी सॉफ्टवेअरला दोष देतो, तर कोणाला संशय येतो की जप्तीनंतर ड्राइव्हशी छेडछाड झाली आहे. बहुतेक वेळा यांपैकी काहीच घडलेले नसते. ड्राइव्हने त्याला नेमून दिलेले काम केलेले असते, इतकेच. अर्थात कधीकधी छेडछाड खरोखरच झालेली असते, आणि म्हणूनच हे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखता येणे आवश्यक आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त वेळा दिसणारे लक्षण म्हणजे राइट ब्लॉकर लावून, एकही वाचन-त्रुटी न येता, एकाच ड्राइव्हच्या दोन इमेज घेतल्या जातात आणि त्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) जुळत नाहीत. तितकेच नेहमीचे दुसरे लक्षण असे की पुसलेल्या फाइलचे नाव, आकार, तारखा आणि ती ज्या क्लस्टरांवर (फाइल सिस्टिमने केलेल्या जागेच्या तुकड्यांवर) होती त्यांचे क्रमांक सगळे सापडते, पण त्या क्लस्टरांवर जाऊन हेक्स व्ह्यूअरमध्ये पाहावे तर वरपासून खालपर्यंत ०० ०० ०० एवढेच दिसते. रात्रभर कार्व्हिंग (नोंदींशिवाय, मजकुराच्या खुणांवरून फाइल शोधणे) चालवूनही मोकळ्या जागेतून एकही छायाचित्र बाहेर येत नाही.

याखेरीज दोन लक्षणे कमी वेळा दिसतात, पण ती ओळखू आली पाहिजेत. ड्राइव्ह अजिबात दिसत नाही, किंवा भलत्याच नावाने आणि भलत्याच क्षमतेने दिसतो. अथवा इमेजिंग झपाट्याने सुरू होते, मग रांगू लागते आणि मध्येच ड्राइव्ह नाहीसा होतो.

मुळात घडते काय

हार्ड डिस्कवर फाइल पुसली की केवळ तिची नोंद जाते आणि मजकूर जागच्या जागी पडून राहतो. या विषयातील जुन्या सवयी याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. एसएसडीतील नँड फ्लॅश स्मृतीची रचना वेगळी आहे. तिच्यात लिहिण्याचे एकक म्हणजे काही किलोबाइटचे एक पान असते, पण पुसण्याचे एकक शेकडो पाने मिळून झालेला अख्खा ब्लॉक असते, आणि एकदा लिहिलेल्या पानावर तो ब्लॉक पुसल्याखेरीज पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी त्याच्यातील चिप) बदललेला मजकूर दुसऱ्याच एखाद्या रिकाम्या पानावर लिहितो आणि कोणता तार्किक (संगणकाला दिसणारा) पत्ता आता कोणत्या प्रत्यक्ष पानावर आहे याची नोंद आपल्या तक्त्यात बदलतो. मागे राहिलेली जुनी पाने गोळा करून ब्लॉक रिकामे करण्याच्या कामाला गार्बेज कलेक्शन म्हणतात, आणि हे काम कंट्रोलर फुरसतीच्या वेळी, कोणाचीही आज्ञा नसताना करत असतो.

कोणती पाने टाकाऊ आहेत हे कंट्रोलरला सांगण्यासाठी ट्रिम ही आज्ञा आली. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल पुसताच ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हला कळवते की हे सेक्टर (ड्राइव्हवरील जागेचे सर्वांत लहान तुकडे) आता नको आहेत. लिनक्समध्ये ही सोय २०१० मधील २.६.३३ या कर्नेलपासून आहे. एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या ड्राइव्हमध्ये हेच काम डीअलोकेट या नावाने चालते. ट्रिम मिळाल्यानंतर ते सेक्टर वाचले असता काय परत येईल याचे एटीए या ड्राइव्ह-जोडणीच्या मानकात तीन प्रकार आहेत. काही ड्राइव्ह काहीही देऊ शकतात, आज जुना मजकूर तर उद्या शून्ये. काही दर वेळी एकच ठरलेले उत्तर देतात. आणि काही दर वेळी शून्येच देतात. वर सांगितलेली पहिली दोन लक्षणे बहुतेक वेळा याच भेदातून निघतात. हॅश बदलतो तो पहिल्या प्रकारच्या ड्राइव्हमुळे, आणि शून्यांच्या रांगा दिसतात त्या तिसऱ्या प्रकारामुळे.

राइट ब्लॉकर यावर उपाय नाही, हे फार लवकर उघड झाले होते. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठातील ग्रेम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी एका ६४ जीबी एसएसडीवर प्रयोग केले. क्विक फॉरमॅट केल्यानंतर काही मिनिटांतच ड्राइव्ह स्वतःहून मजकूर पुसू लागला आणि राइट ब्लॉकर मध्ये असूनही ते थांबले नाही. राइट ब्लॉकर फक्त संगणकाकडून येणाऱ्या आज्ञा अडवतो, नवी ट्रिम आज्ञासुद्धा अडवतो. पण कंट्रोलर ड्राइव्हच्या आतच बसलेला असतो आणि त्याला वीज मिळाली की जप्तीपूर्वी येऊन राहिलेले काम तो पुढे सुरू करतो.

तपासणीचा क्रम विजेवरून ठरतो

कोणत्याही बिघाडात सोपी आणि स्वस्त तपासणी आधी करावी हा नियम इथेही लागू आहे, मात्र स्वस्त कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. ड्राइव्ह जोडून दिसतो का ते पाहणे आपल्याला फुकट वाटते, पण पुराव्याच्या हिशेबात तीच सर्वांत महाग तपासणी ठरू शकते. म्हणून मी तपासण्या दोन भागांत करतो: वीज न देता करता येतील त्या सगळ्या आधी, आणि वीज दिल्यावर करायच्या त्या एकाच बैठकीत.

वीज न देता: कागद आणि लेबल

सर्वप्रथम जप्तीची नोंद वाचावी. यंत्र सापडले तेव्हा चालू होते की बंद, ते कसे बंद केले, मजकूर पुसल्याची संशयित वेळ कोणती, आणि त्या वेळेनंतर यंत्र किती काळ चालू होते, या चार प्रश्नांची उत्तरे पुढचे बहुतेक निर्णय ठरवतात. पुसल्यानंतर यंत्र आठवडाभर रोज वापरले गेले असेल तर नँडमध्ये त्या मजकुराचे काही उरलेले असण्याची आशा अगदी थोडी असते. पुसणे चालू असतानाच वीज तोडली गेली असेल, तर चित्र पूर्णपणे वेगळे असते.

याच टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातील तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: हा ड्राइव्ह फर्मवेअरच्या (कंट्रोलरमधील अंगभूत सॉफ्टवेअरच्या) पातळीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे जाण्याची शक्यता आहे का? ट्रिम झालेली जागा वाचताना शून्ये मिळतात याचा अर्थ तिथला मजकूर नँडमधून गेलाच असा नसतो. पुष्कळदा फक्त तक्त्यातील नोंद तुटलेली असते आणि ब्लॉक प्रत्यक्षात पुसायचा बाकी असतो. तो पुसला जातो ड्राइव्हला वीज मिळत असताना. त्यामुळे पुसलेला मजकूरच खटल्याचा गाभा असेल आणि तो अलीकडेच पुसला गेला असेल, तर 'आधी आपण एक इमेज घेऊन पाहू' असे म्हणणे म्हणजे पुढच्या माणसाच्या ताटातला घास काढून घेण्यासारखे आहे. अशा वेळी वीज न देता थेट प्रयोगशाळेशी बोलावे. पुसलेल्या मजकुराशी प्रकरणाचा संबंधच नसेल, फक्त असलेल्या फाइल हव्या असतील, तर ही चिंता बाजूला ठेवून पुढे जाता येते.

त्यानंतर लेबल वाचावे आणि जोडणीची खाच पाहावी. एम.२ प्रकारच्या पट्टीवर एकच खाच असेल तर तो ड्राइव्ह बहुधा एनव्हीएमई असतो. दोन खाचा असतील तर बहुधा साटा या जुन्या जोडणीचा. साटा पट्टी केवळ एनव्हीएमई समजणाऱ्या अडॅप्टरमध्ये घातली तर ती बसते नीट, पण दिसत नाही. 'ड्राइव्ह मेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या काही पट्ट्या प्रत्यक्षात इतक्याच कारणाने मेलेल्या होत्या. भिंग घेऊन जळालेला भाग, तडा गेलेली चिप किंवा वाकलेली पट्टी आहे का तेही पाहावे. यांपैकी काही दिसले तर वीज देऊ नये.

वीज दिल्यावर: सगळे एकाच बैठकीत

आधी सर्व तयारी पूर्ण करावी: दोन रिकाम्या आणि पुरेशा मोठ्या लक्ष्य-डिस्क, तपासलेला राइट ब्लॉकर, चांगली केबल आणि ड्राइव्हवर वारा येईल असा लहान पंखा. पंख्याचे हसू येऊ देऊ नये. एनव्हीएमई ड्राइव्ह सलग वाचनात तापतात आणि ठरावीक तापमानानंतर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. रांगणाऱ्या इमेजिंगचे सर्वांत साधे कारण हेच असते आणि उपायही तितकाच साधा असतो. हार्ड डिस्कच्या काळातील फ्रीजरची युक्ती मात्र इथे मुळीच करू नये. गार ड्राइव्हवर बाष्प जमते आणि त्यातून फायदा काहीच होत नाही.

ड्राइव्ह जोडताच प्रथम त्याची ओळख-माहिती आणि स्मार्ट नोंदी (ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवतो त्या) वाचून साठवून ठेवाव्यात. एचडीपार्म या साधनाच्या सविस्तर माहितीत ट्रिमचा आधार आहे का आणि ट्रिमनंतर निश्चितपणे शून्ये येतात का, हे स्पष्ट लिहिलेले असते. ही एक ओळ नंतर अहवालात फार उपयोगी पडते. एनव्हीएमईसाठी हीच माहिती नेमस्पेसच्या (ड्राइव्हच्या तार्किक भागाच्या) ओळख-नोंदीत मिळते.

स्मार्टमधील वीज-चक्रांची मोजणी (ड्राइव्हला किती वेळा वीज दिली गेली) ही माझी आवडती नोंद आहे. एका प्रकरणात पहिल्या इमेजच्या वेळी ती ४१२ होती. दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन ड्राइव्ह परत आला तेव्हा मी तो जोडला आणि आकडा ४१५ दिसला. माझी जोडणी धरली तर एकच वाढ व्हायला हवी होती, आणि ताबा-नोंदीत (ड्राइव्ह कधी कोणाकडे होता त्या नोंदीत) मधल्या काळात ड्राइव्ह जोडल्याचा उल्लेखच नव्हता. विचारपूस केल्यावर कळले की 'चालतो का ते बघावे' म्हणून मध्ये कोणीतरी तो दोनदा जोडला होता. त्यामागे वाईट हेतू नव्हता, पण तो आकडा लिहून ठेवलेला नसता तर हे कधीच समजले नसते.

त्यानंतर एकूण सेक्टर मोजावेत. ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या हिशेबात ५०० जीबीच्या ड्राइव्हवर सामान्यतः ९७,६७,७३,१६८ आणि १ टीबीच्या ड्राइव्हवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. मोजणी यापेक्षा थोडीशीच कमी आली तर बहुधा ड्राइव्ह नव्हे, मधला यूएसबी अडॅप्टर दोषी असतो. काही अडॅप्टर शेवटचे थोडे सेक्टर दाखवत नाहीत, तर काही ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे म्हणून सादर करतात आणि मग विभाजन-तक्ता वाचताच येत नाही. हॅश न जुळण्याचे सर्वांत निरुपद्रवी कारण हेच: पहिली इमेज एका अडॅप्टरवरून घेतली, दुसरी दुसऱ्यावरून, आणि दोन्हींची लांबीच वेगळी. म्हणून हॅशकडे वळण्याआधी दोन्ही इमेजचा बाइटमधील आकार पडताळून पाहावा.

आता इमेज घ्यावी, आणि एकदाच घ्यावी. वाचन एकच, पण लिहिणे एकाच वेळी दोन डिस्कवर, आणि हॅश वाचतानाच्या प्रवाहावर काढलेला, असे करावे. हार्ड डिस्कच्या सवयीने पुष्कळ जण पडताळणीसाठी मूळ ड्राइव्ह पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत वाचतात. एसएसडीवर या दुसऱ्या वाचनाने काहीच सिद्ध होत नाही. जुळले तर ठीक. नाही जुळले तर स्वतःच निर्माण केलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देत बसावे लागते. पडताळणी इमेज-फाइलची करावी, मूळ ड्राइव्हची नव्हे. काम संपले की वीज काढावी. ड्राइव्ह जोडलेला ठेवून जेवायला जाऊ नये.

इथून पुढच्या तपासण्या इमेजवर होतात आणि ड्राइव्ह पाकिटात परत जातो.

हॅश जुळत नसेल तर: फरक कुठे आहे ते पाहावे

आधीच दोन इमेज घेतल्या गेल्या असतील आणि त्यांचे हॅश वेगळे असतील, तर सगळे संपले असे समजू नये. संपूर्ण ड्राइव्हचा एक हॅश फक्त इतकेच सांगतो की कुठेतरी किमान एक बिट वेगळा आहे. तो कुठे आहे हे शोधणे फारसे अवघड नसते. दोन्ही इमेज एक-एक मेगाबाइटच्या तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याचा हॅश काढावा, न जुळणारे तुकडे पुन्हा ४०९६ बाइटच्या क्लस्टरांपर्यंत बारीक करावेत आणि मग त्या क्लस्टरांचे क्रमांक फाइल सिस्टिमच्या बिटमॅपशी ताडून पाहावेत. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये कोणता क्लस्टर वापरात आहे आणि कोणता मोकळा, हे तो बिटमॅप सरळ सांगतो.

निकाल साधारणपणे तीन प्रकारांनी येतो. पहिल्या प्रकारात सगळे फरक मोकळ्या जागेत असतात, एका इमेजमध्ये काही मजकूर असतो आणि दुसरीत त्याच जागी शून्ये. एका ड्राइव्हच्या पहिल्या इमेजमध्ये मला अशा जागी एका छायाचित्राचा वरचा अर्धा भाग मिळाला होता, तर दुसरीत तो क्लस्टर पूर्ण कोरा होता; बाकी लाखो क्लस्टर जसेच्या तसे. हे कंट्रोलरचे काम आहे. वापरातील प्रत्येक फाइलचा हॅश दोन्ही इमेजमध्ये स्वतंत्रपणे काढून जुळवून दाखवला की इमेजच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी पहिली इमेज जपून ठेवावी, कारण तिच्यात जे आहे ते आता ड्राइव्हवरही नाही.

दुसऱ्या प्रकारात फरक फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींत असतात: लॉगफाइल बदललेली, एमएफटीमधील (एनटीएफएसच्या फाइलींच्या मुख्य यादीतील) काही तारखा-वेळा पुढे सरकलेल्या, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या फोल्डरमध्ये नवीन काही उमटलेले, रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्याच्या) फाइल वेगळ्या. गार्बेज कलेक्शन असे कधीच करत नाही. ते मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर हलवते, पण वापरातील तार्किक पत्त्यावर काय वाचले जाईल ते बदलत नाही. त्यामुळे असे बदल दिसले तर कोणीतरी ड्राइव्ह राइट ब्लॉकरशिवाय जोडला आहे किंवा त्याच्यावरून यंत्र सुरू केले आहे, असे मानून ताबा-नोंद उलगडायला घ्यावी. 'एसएसडीचे असेच असते' हे वाक्य या ठिकाणी वापरू नये. मी ते चुकीच्या जागी वापरलेले ऐकले आहे आणि उलटतपासणीत ते फार वेळ टिकत नाही.

तिसऱ्या प्रकारात फरक फाइलींच्या मजकुरातच, इकडे-तिकडे विखुरलेले असतात आणि त्यांत कोणतेही सूत्र नसते. हे केबल, अडॅप्टर, लक्ष्य-डिस्क किंवा नँडच्या ढासळत्या पेशी यांपैकी काहीतरी असते. केबल आणि अडॅप्टर बदलून केवळ तेवढेच सेक्टर पुन्हा वाचावेत. तरीही दर वेळी वेगळे उत्तर आले तर इथेच थांबावे.

शून्येच मिळत असतील तर

पहिला प्रश्न असा की त्या यंत्रावर ट्रिम खरोखर चालू होते का. याचे उत्तर इमेजमध्येच सापडते. विंडोजच्या रजिस्ट्रीत फाइल सिस्टिमच्या शाखेत पुसल्याची सूचना बंद ठेवणारी एक नोंद असते. तिचे मूल्य शून्य असेल तर ट्रिम चालू आहे. दुहेरी नकारामुळे ही नोंद उलटी वाचली जाते आणि अहवालात उलटीच उतरते, म्हणून दोनदा पाहावी. लिनक्समध्ये अनेक ठिकाणी ट्रिम लगेच न होता आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी चालते, त्यामुळे शेवटच्या ट्रिमनंतर पुसलेल्या फाइल मिळण्याची चांगली शक्यता असते आणि ती शेवटची वेळ सिस्टिमच्या लॉगमध्ये सापडते. लिनक्सच्या डिस्क-कूटलेखनाचा (एन्क्रिप्शनचा) थर, मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज, ट्रिम खाली जाऊ देत नाही. अनेक यूएसबी पेट्या आणि रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र चालवणारे) कंट्रोलरही ती पुढे पाठवत नाहीत. अशा ठिकाणी एसएसडी असूनही पुसलेला मजकूर हार्ड डिस्कसारखा पडून राहिलेला असू शकतो, म्हणून तिथे कार्व्हिंग जरूर करावे.

ट्रिम चालू असेल तर मोकळ्या जागेवर वेळ घालवण्याऐवजी, ट्रिम जिथे पोहोचत नाही तिथे पाहावे. एनटीएफएसमध्ये साधारण सातशे बाइटपेक्षा लहान फाइलचा मजकूर एमएफटीच्या १०२४ बाइटच्या नोंदीतच राहतो. फाइल पुसली तरी ती नोंद एमएफटीचाच भाग राहत असल्याने ट्रिम होत नाही, आणि नवीन फाइलने ती जागा घेईपर्यंत मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. छोट्या चिठ्ठ्या, शॉर्टकट आणि कॉन्फिगरेशनच्या फाइल मला इथून अनेकदा मिळाल्या आहेत. शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती), हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (मेमरीतील मजकूर डिस्कवर ठेवणाऱ्या फाइल), थंबनेलचा साठा, डेटाबेसच्या सोबत राहिलेली पूर्वलेखनाची फाइल आणि अर्थातच रिसायकल बिन, हे सगळे फाइल सिस्टिमच्या दृष्टीने वापरातील जागेत असते, त्यामुळे ट्रिमपासून सुरक्षित असते. फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या जर्नलमधून मूळ फाइल परत येत नाही, पण ती होती, अमुक नावाची होती आणि अमुक वेळी पुसली गेली एवढे सिद्ध होते, आणि पुष्कळ प्रकरणांना तेवढे पुरते.

इथेच एका मोहाबद्दल सावध करतो. शून्यांच्या रांगा पाहून 'आरोपीने मुद्दाम डेटा नष्ट केला' असा निष्कर्ष काढण्याची इच्छा होते. तार्किक पातळीवर ट्रिममुळे आलेली शून्ये आणि पुसण्याच्या साधनाने लिहिलेली शून्ये हुबेहूब सारखी दिसतात. मुद्दाम पुसल्याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो: त्या साधनाची प्रीफेचमधील (चालवलेल्या प्रोग्रामांबद्दल विंडोज ठेवते त्या फाइलींतील) नोंद, पुसण्यापूर्वी फाइलचे नाव निरर्थक अक्षरांनी बदलल्याची जर्नलमधील मालिका, साधन उतरवून घेतल्याचा ब्राउझरमधील इतिहास. यांपैकी काही नसेल, तर शून्यांवरून हेतूबद्दल एक अक्षरही लिहू नये. डिलीटचे बटण एकदा दाबणाऱ्या कोणत्याही माणसाच्या ड्राइव्हवर हीच शून्ये तयार होतात.

कूटलेखन

इमेजमध्ये सर्वत्र यादृच्छिक दिसणारा मजकूर असेल आणि एकही ओळखीची फाइल सिस्टिम सापडत नसेल, तर बहुधा संपूर्ण ड्राइव्ह कूटबद्ध आहे. मग किल्ली किंवा पुनर्प्राप्तीचा संकेत मिळवणे हाच मार्ग उरतो. म्हणूनच यंत्र चालू आणि उघडे सापडले तर वीज तोडण्याआधी विचार करावा. पुसणे किंवा फॉरमॅट डोळ्यांसमोर चालू असेल तर वीज तोडणे योग्य; तसे काही नसेल आणि ड्राइव्ह कूटबद्ध असेल, तर आधी मेमरीची प्रत आणि उघड्या व्हॉल्यूमची इमेज घ्यावी, कारण वीज गेली की किल्लीही जाते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. जो पर्याय निवडला तो का निवडला हे तिथल्या तिथे वेळेसह लिहून ठेवावे.

कुठे थांबावे

ड्राइव्ह मॉडेलच्या नावाऐवजी 'सॅटाफर्म एस११' यासारखे फर्मवेअरचे नाव दाखवत असेल, क्षमता शून्य किंवा काही मेगाबाइटच सांगत असेल, किंवा वाचताना वारंवार गायब होत असेल, तर कंट्रोलर आपले फर्मवेअर नीट चालवू शकत नाही असे समजावे. अशा ड्राइव्हवर उत्पादकाचे दुरुस्तीचे साधन चालवू नये आणि फर्मवेअर अद्ययावत करू नये. ज्या साधनांनी ड्राइव्ह पुन्हा 'चालू' होतो, त्यांपैकी अनेक साधने पत्त्यांच्या भाषांतराचा तक्ता (तार्किक पत्ता कोणत्या पानावर आहे हे सांगणारा) नव्याने, म्हणजे रिकामा, तयार करतात. विंडोजने डिस्क इनिशियलाइझ करू का असे विचारले तर नकार द्यावा, आणि चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क दुरुस्त करणारे साधन तर चुकूनही चालवू नये. डेटा-केबल न लावता ड्राइव्हला अर्धा तास नुसती वीज देऊन ठेवण्याचा एक घरगुती उपाय सांगितला जातो. काही ड्राइव्ह त्याने खरोखर जागे होतात, पण पुराव्याच्या ड्राइव्हवर त्याचा अर्थ गार्बेज कलेक्शनला अर्धा तास मोकळे रान देणे असा होतो.

यापुढचे काम खास उपकरणांचे आहे. कंट्रोलरला कारखान्यातील तांत्रिक अवस्थेत नेले की त्याची पार्श्वभूमीतील कामे सुरू होत नाहीत आणि तक्ता बाहेरून उभारता येतो. ट्रिम झालेला मजकूर मिळण्याची खरी संधी याच मार्गाने असते, पण प्रत्येक कंट्रोलर-कुटुंबासाठी पद्धत वेगळी असते आणि काहींसाठी ती उपलब्धच नसते. चिप काढून थेट वाचणे हा त्यापुढचा पर्याय आहे. २०११ मध्ये सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्लॅश चिप थेट वाचून दाखवले की एकेक फाइल पुसण्याच्या पद्धतींनंतरही जुन्या मजकुराच्या प्रती मागे राहतात. आजच्या ड्राइव्हवर मात्र मजकूर चिपवर विस्कटून आणि दुरुस्ती-संकेतांसह लिहिलेला असतो, अनेक ड्राइव्ह तो आतल्या आत कूटबद्धही करतात, आणि अशा ड्राइव्हची चिप काढल्यावर हाती येतो तो किल्ली नसलेला गोंधळ. चिप काढणे परत फिरवता येत नाही. त्यामुळे हातात हॉट एअर गन आहे एवढ्यावर हे काम स्वतः करायला घेऊ नये.

प्रयोगशाळेकडे पाठवायला फार दिवस लावू नयेत. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक-संस्थेच्या मानकानुसार ग्राहक-वर्गातील एसएसडीने, तिचे लेखन-आयुष्य संपत आलेले असताना, विजेविना ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष मजकूर टिकवणे अपेक्षित आहे. व्यावसायिक वर्गासाठी हीच अपेक्षा ४० अंशांना ३ महिने आहे. नवा ड्राइव्ह याहून बराच काळ तग धरतो, पण साठवणीची खोली जितकी गरम तितकी ही मुदत आखडते. ड्राइव्ह थंड आणि कोरड्या जागी, स्थिर-विद्युतरोधक पिशवीत ठेवावा. सोबत मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक, पहिल्या वेळी वाचलेल्या स्मार्ट नोंदी, आतापर्यंत किती वेळा आणि किती मिनिटे वीज दिली याचा हिशेब, आणि नेमक्या कोणत्या फाइल हव्या आहेत त्यांची नावे व एमएफटीमधील क्लस्टर-क्रमांक द्यावेत. ही यादी असेल तर समोरच्या माणसाला संपूर्ण ड्राइव्ह न उपसता नेमक्या ब्लॉकांपाशी जाता येते. आणि पिशवीवर, आतल्या कागदावर नव्हे, ठळक अक्षरांत लिहावे की विचारल्याशिवाय वीज देऊ नये, कारण पार्सल उघडणारा पहिला माणूस सहसा ते पत्र वाचायच्या आधी ड्राइव्ह जोडून पाहतो.